ओवी, नळी आणि कमांड लाईन

१९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत काही बायकांनी जात्यावरच्या ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या होत्या. ध्वनिमुद्रणासाठी आलेल्यांत पुण्याच्या हेमा राईरकर होत्या आणि बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक होते. राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी त्याआधी कित्येक वर्षे गावोगाव फिरून ओव्या लिहून घेतल्या होत्या. तो संग्रह पुढे एक लाखाच्या वर गेला. लिहून घेतलेल्या ओवीत शब्द राहतात, चाल राहत नाही. दोघींनी मिळून ओढलेला खुंटा, मध्येच घेतलेला दम, एकीची ओळ दुसरीने उचलणे, हे कागदावर कसे उतरणार? म्हणून १९९०च्या दशकात बेल या प्रकल्पात आले तेव्हा दोन कामे झाली. ओव्यांचा संगणकीय कोश तयार झाला आणि एकशेवीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले.

या एकशेवीस तासांकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. मुद्रण कुणी केले, कशासाठी केले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मुद्रित आवाज पुन्हा ऐकू येतो तो कशाच्या बळावर, यावर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही.

त्या काळी गावोगाव जाऊन मुद्रण करणाऱ्या संशोधकांचे आवडते साधन म्हणजे डॅट, म्हणजे अंकीय ध्वनिफीत. सोनीने ती १९८७ साली बाजारात आणली. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा, दोन वाहिन्या. हिशेब सोपा आहे. सेकंदाला १,९२,००० बाइट, तासाला सुमारे ६९० मेगाबाइट. या दर्जाने एकशेवीस तास साठवायचे तर ८३ गिगाबाइट लागतात. १९९६ साली घरगुती संगणकाची डिस्क एक-दोन गिगाबाइटची असे. फितीवर आवाज मावत होता, संगणकात मावत नव्हता. पुढे संगणक मोठे झाले आणि २००५ साली सोनीने डॅटची यंत्रे बनवणे थांबवले. आज फीत शाबूत असली तरी ती वाचणारे यंत्र शोधावे लागते.

जागेच्या या अडचणीतून एमपी३ लोकप्रिय झाले. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने १९९५च्या जुलैत या फायलींसाठी '.एमपी३' हे शेपूट ठरवले. कानाला जे ऐकू येणार नाही ते टाकून द्यायचे आणि उरलेले गाठोडे बांधायचे, ही त्यामागची युक्ती. सेकंदाला १२८ किलोबिट या सर्वसाधारण दराने वरचे ८३ गिगाबाइट सातच्या आत येतात. पण गाठोडे बांधले की ते सोडणारा हवा. त्या सोडणाऱ्याला डिकोडर म्हणतात. माझ्या मते आवाजाच्या जतनाचा खरा इतिहास या डिकोडरांचा आहे.

इथे युनिक्सची एक जुनी कल्पना समजून घ्यावी लागते. बेल प्रयोगशाळेतल्या (तिचा आपल्या बर्नार्ड बेल यांच्याशी संबंध नाही) डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात लिहिले होते की, बागेतल्या रबरी नळीला दुसरी नळी जोडावी तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ साली केन थॉम्पसन यांनी ही सोय युनिक्समध्ये करून दिली. तिचे नावच पाइप, म्हणजे नळी. एका प्रोग्रामच्या तोंडातून जे बाहेर पडते ते दुसऱ्याच्या तोंडात जाते. एकाला दुसऱ्याचे पोट कसे चालते हे माहीत असण्याची गरज नाही.

या नळीवर आवाज सोडला की कमांड लाईनवरचा प्लेअर तयार होतो. खिडक्या नाहीत, बटणे नाहीत, नाचणारे रंगीत पट्टे नाहीत. काळ्या पडद्यावर फायलीचे नाव लिहायचे आणि ऐकायचे. असा प्लेअर स्वतः आवाज उलगडत नाही. तो फाईल ओळखतो, योग्य डिकोडरला हाक मारतो, डिकोडर मोकळा केलेला आवाज नळीत सोडतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला प्रोग्राम तो साउंड कार्डाला देतो. घरातला कारभारी स्वतः स्वयंपाक करत नाही, पण कोणत्या पाहुण्याला काय वाढायचे हे त्याला ठाऊक असते, तसेच हे.

लान्स नॉर्सकॉग यांनी १९९१ साली 'सॉक्स' नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. एका प्रकारची ध्वनिफाईल दुसऱ्या प्रकारात बदलणे हे त्याचे काम. मायकेल हिप यांचा 'एमपीजी१२३' एमपी३ वाजवत असे. त्याला दुसऱ्या प्रोग्रामकडून हुकूम घेण्याची सोय होती, त्यामुळे अनेकांनी त्याच्यावर स्वतःचे मुखवटे चढवले. मात्र त्याच्या परवान्यात व्यापारी वापरावर बंधने होती. डेबियनसारख्या मुक्त प्रणालीने त्याला मुख्य दालनाबाहेर ठेवले. मग जो ड्रू यांनी त्याच्यासारखेच वागणारा, पण मुक्त परवान्याचा 'एमपीजी३२१' लिहिला. त्याने उलगडण्याचे काम 'लिबमॅड' या वेगळ्या संचाकडे सोपवले. बाहेरून हुकूम तेच, आतला कामकरी नवा. नळीच्या कल्पनेचा फायदा इथे दिसतो. कामकरी बदलला तरी कारभाऱ्याचे अडत नाही.

परवान्याच्या पलीकडे पेटंट होते. २००२ साली रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून एमपी३ वाजवण्याची सोय काढून टाकण्यात आली. फाईल तुमची, संगणक तुमचा, गाणे कदाचित तुमच्या आजीचे, तरी ती उलगडण्याची रीत दुसऱ्याच्या मालकीची! फ्राउनहोफरने परवाने देण्याची योजना थांबवली ती २०१७च्या एप्रिलमध्ये. मधली पंधरा वर्षे एमपी३चा डिकोडर बाहेर असण्याला कायद्याचेही कारण होते. प्रणाली त्याच्याशिवाय वाटायची आणि वापरणाऱ्याने तो आपला आणून जोडायचा. हंगेरीतून २०००च्या सुमारास आलेल्या 'एमप्लेअर'ने तर कमाल केली. ज्या प्रकारांचा डिकोडर मुक्त स्वरूपात नव्हता त्यांच्यासाठी त्याने विंडोजमधल्या बंद फायली उचलून लिनक्सवर चालवल्या. देखणा मार्ग नव्हे, पण त्यावाचून अनेक ध्वनिफायली मुक्या राहिल्या असत्या. फाब्रीस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या 'एफएफएमपेग'ने पुढे एकेक बंद प्रकार उकलून स्वतःत सामावला. आज बहुतेक छोटे प्लेअर त्यालाच हाक मारतात.

बर्नार्ड बेल यांचे दुसरे काम इथे आठवते. ओव्यांकडे येण्याआधी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस, त्यांनी जेम्स किपेन यांच्यासह तबल्याच्या बोलांचे व्याकरण मांडणारा 'बोल प्रोसेसर' तयार केला. किपेन लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकत होते. कायद्याचे पलटे कोणत्या नियमांनी होतात हे संगणकाला सांगायचे आणि त्याने केलेले पलटे उस्तादांपुढे ठेवायचे, असा तो प्रयोग. पुढच्या आवृत्त्यांत प्रत्यक्ष नाद काढण्याचे काम मिडीवर किंवा 'सीसाउंड' या बाहेरच्या प्रोग्रामवर सोपवले गेले. म्हणजे ओव्या मुद्रित करणारा हा माणूस काय वाजवायचे हे ठरवणे आणि प्रत्यक्ष वाजवणे, ही दोन कामे वेगळी ठेवणाऱ्या परंपरेतलाच.

मी स्वतः संगणकशास्त्र शिकलेलो नाही. तरी गेल्या काही वर्षांत असा एक प्लेअर लिहिला, तो संभाजीनगरच्या घराघरांतल्या जुन्या मोबाईलमुळे. २००५ ते २०१२ या काळात मराठवाड्यात कीर्तन, भारूड, लग्नातली गाणी, आजीच्या ओव्या बहुतेक वेळा मोबाईलवर मुद्रित झाल्या. ते फोन एएमआर प्रकारात आवाज साठवत. हा प्रकार टेलिफोनवरील बोलण्यासाठी आखलेला. सेकंदाला केवळ ८,००० नमुने, प्रत्येक तुकडा २० मिलिसेकंदांचा, जास्तीत जास्त १२.२ किलोबिट. गाण्यासाठी हे फार अपुरे आहे. आजीचा वरचा स्वर त्यात पत्र्यासारखा वाजतो. पण मूळ आवाज तेवढाच उरला आहे. याचाही मुक्त डिकोडर बराच काळ नव्हता. अँड्रॉइडबरोबर खुल्या झालेल्या साहित्यातून २००९च्या सुमारास तो वेगळा काढला गेला आणि नंतर एफएफएमपेगने आपला स्वतःचा लिहिला.

प्लेअर लिहिताना सगळ्यात आधी फाईल ओळखावी लागते. शेपटावर भरवसा ठेवता येत नाही, कारण लोक ते बदलतात. फायलीचे पहिले काही बाइट पाहावेत. एएमआरची फाईल हॅश, उद्गारचिन्ह आणि 'एएमआर' या अक्षरांनी सुरू होते. 'फ्लॅक' स्वतःचे नाव चार अक्षरांत सांगतो. एमपी३ मात्र मिजासखोर. त्याला नाव सांगायची सवयच नाही, एकापुढे एक आलेल्या 'एक'च्या अंकांवरून तो ओळखावा लागतो. आणि नावांची गंमत वेगळीच. घरचे लोक फायलीला 'आजी ओवी दोन' असे नाव देतात. मधल्या मोकळ्या जागांमुळे संगणक त्या एका नावाच्या तीन फायली समजतो. नाव अवतरणचिन्हांत बांधल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही.

डिकोडरने मोकळा केलेला आवाज नळीत पडतो तेव्हा त्याच्याबरोबर कसलीही ओळख नसते, नुसते आकडे वाहतात. सेकंदाला किती नमुने, किती वाहिन्या, हे पलीकडच्या टोकाला वेगळे सांगावे लागते. ८,०००चा आवाज ४४,१००च्या वेगाने वाजवला तर ओवी साडेपाच पट वेगाने पळते आणि चिमणीसारखी चिवचिवते. जुन्या तबकड्यांचेही असेच होते. विद्युत मुद्रण येण्याआधी प्रत्येक तबकडी मिनिटाला ठीक ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होत होती असे नाही, आणि तबकडी स्वतःचा वेग सांगत नाही. गायकाची पट्टी कोणती होती हे ठरवायला बाहेरचा जाणकार लागतो. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांच्या गाण्याचे मुद्रण झाले तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव सांगत, कारण तबकड्या परदेशात छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गायिका ओळखू येण्याचे दुसरे साधन नव्हते. ओळख आवाजातच गुंफण्याची ही रीत मला फायलीच्या पहिल्या बाइटांची आजी वाटते.

नळीचाही एक स्वभाव आहे. लिनक्सवर तिच्यात साधारण ६४ किलोबाइट मावतात. ती भरली की डिकोडर आपोआप थांबतो, पलीकडे जागा झाली की पुन्हा चालू होतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला ६४ किलोबाइट म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक. एएमआरमधून उलगडलेल्या एकेरी आवाजाला मात्र तेच चार सेकंद पुरतात. त्यामुळे पुढच्या ओवीवर जाण्याची कळ दाबली, डिकोडर बंद झाला, तरी आधीच्या ओवीचे चार सेकंद नळीतून येतच राहतात. नको असेल तर पलीकडचा प्रोग्रामही लगेच थांबवावा लागतो. ऐकताना मी बहुधा थांबवत नाही.

माजलगावच्या आणि इतर गावांच्या ओव्या आज सुस्थितीत आहेत. त्या गुरगावच्या संगीतशास्त्र संग्रहालयात गेल्या, फ्रान्समध्ये त्यांचा अंकीय संग्रह झाला आणि २०१७पासून 'पारी'ने त्या अनुवादांसह लोकांसमोर आणल्या. घरोघरच्या एएमआर फायलींना असे कुणी नाही. फोनची बॅटरी फुगते, चार्जरची पिन मिळत नाही, नातू नवा फोन घेतो. कुणी फाईल आणून दिली तर मी तिला हात न लावता मूळ प्रत ठेवतो, आणि एक प्रत फ्लॅकमध्ये करतो. फ्लॅक काहीही टाकून न देता आवाज साठवतो. २००१ पासून तो खुला आहे आणि २०२४च्या डिसेंबरात त्याची व्याख्या इंटरनेटचे अधिकृत मानक म्हणून छापली गेली. त्याच फोल्डरमध्ये मी एएमआरच्या डिकोडरचा मूळ मजकूरही ठेवतो. तीन-चार मेगाबाइटची ओवी, आणि शेजारी ती उलगडण्याची रीत.