दहशतवादी खटल्यांतील सापळा आणि मनोविकार

गुन्हा घडण्याची वाट न पाहता पोलिसांनी किंवा त्यांच्या खबऱ्याने साथीदार, शस्त्रविक्रेता अथवा एखाद्या संघटनेचा म्होरक्या असल्याचे भासवून संशयिताच्या जवळ जायचे, त्याच्या तोंडून घातपाताची तयारी वदवून घ्यायची, निकामी स्फोटके त्याच्या हाती द्यायची आणि ती ठेवताना त्याला पकडायचे, अशी ‘सापळा’ ही तपासपद्धत आहे. सापळ्यात सापडलेला माणूस मनोविकाराने ग्रस्त असेल तर दोन प्रश्न एकमेकांत गुंततात : घातपाताची कल्पना मुळात कोणाची होती, आणि ती नाकारण्याचे बळ त्या माणसात होते काय. भारतीय कायद्यात या दोन प्रश्नांना कितपत जागा आहे आणि रायगड जिल्ह्यातील पेण-रोह्यासारख्या तालुक्यांतील आरोपीपुढे कोणती वाट असते, याचा विचार या नोंदीत केला आहे.

सापळा ही गोष्ट रायगडकरांना परकी नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे सापळे तहसील कार्यालय, तलाठी कार्यालय, पोलीस ठाणे अशा ठिकाणी लागतात आणि त्यांच्या बातम्या गावोगाव वाचल्या जातात. तक्रारदार आधी येतो, मागणीची पंचांसमक्ष पडताळणी होते, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावली जाते आणि सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात हात बुडवल्यावर द्रावण गुलाबी होते. या पद्धतीत एक गोष्ट कायद्याने आग्रहाने जपली आहे : लाचेची मागणी आधी आरोपीकडून आलेली असली पाहिजे. मागणी सिद्ध झाली नाही तर नुसत्या गुलाबी हातांवर शिक्षा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

या आग्रहामागचा विचार जुना आहे. विंध्य प्रदेशाचे मंत्री राव शिवबहादूर सिंह यांच्या १९५४ च्या खटल्यात पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणीसाठी लाच मागितल्याचा आरोप होता. तक्रारदाराजवळ पैसे नव्हते, म्हणून २५,००० रुपये पोलिसांनीच मिळवून दिले. गुन्हा रोखणे हे ज्यांचे काम, त्यांनीच गुन्ह्याचे साधन पुरवू नये, असे ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने ओढले, शिक्षा मात्र कायम ठेवली. दोन वर्षांनी रामजनम सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. माणसाची प्रवृत्ती कशीही असो, त्याच्या दुबळ्या सहनशक्तीपलीकडचा मोह त्याला मुद्दाम घातला जाऊ नये, एवढी अपेक्षा करण्याचा हक्क त्याला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म या विचारात आहे, कारण सहनशक्ती माणसागणिक वेगळी असते आणि आजार तिला आणखी खाली आणतो. दुर्दैवाने हा विचार लाचेच्या खटल्यांपुरताच राहिला. फूस लावून गुन्हा घडवला, हा स्वतंत्र व संपूर्ण बचाव भारतीय दंडविधानात नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही.

फूस आणि बनाव यांतला फरक येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. बनावात आरोपीने काहीच केलेले नसते. पुरावा रचलेला असतो. फूस लावली जाते तेव्हा कृत्य आरोपीच्याच हातून घडते, पण कल्पना, साधन आणि रेटा दुसऱ्याचा असतो. भारतातील दहशतवादी खटल्यांविषयीच्या मोठ्या तक्रारी बहुतांशी बनावाच्या आहेत. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ जणांना पकडले. त्यांपैकी एक जण आधी माफीचा साक्षीदार झाला आणि नंतर त्याने जबाब फिरवला. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आणि २०११ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने या आरोपींना दोषमुक्त केले. दिल्लीत २००६ मध्येच दहशतवादी म्हणून पकडलेले दोघे जण हे पोलिसांचेच खबरी होते, असा अहवाल केंद्रीय अन्वेषण विभागाने दिला. ते निर्दोष सुटले डिसेंबर २०१६ मध्ये. खबऱ्या आणि आरोपी यांच्यातील रेघ किती पातळ असते, हे या दुसऱ्या प्रकरणात ढळढळीत दिसते.

रायगड जिल्ह्याचा दहशतवादी खटल्यांशी आलेला संबंध निराळ्या जातीचा आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसे मेली. त्यासाठीची शस्त्रे व आरडीएक्स त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील दिघी व शेखाडी येथे उतरले आणि ते जाऊ दिल्याबद्दल सीमाशुल्क व पोलीस खात्यातील काही जण दोषी ठरले. पुढे २००८ मध्ये पनवेलचे चित्रपटगृह, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन या ठिकाणी बॉम्ब ठेवले गेले. त्याचा तपास पेण तालुक्यातील वरसईपर्यंत आला. सहा आरोपींपैकी दोघांना २०११ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, चौघे सुटले. या दोन्ही खटल्यांत कट आरोपींचाच आणि स्फोटके खरी, अशीच सरकार पक्षाची मांडणी होती. म्हणून फूस व मनोविकार यांचा एकत्रित प्रश्न समजून घ्यायला ज्या देशांत असे सापळे नित्याचे झाले तिकडे जावे लागते.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर ही पद्धत फार वाढली. ह्यूमन राइट्स वॉच आणि कोलंबिया विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने जुलै २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, पाचशेहून अधिक दोषसिद्धींपैकी जवळपास निम्म्या खबऱ्यांच्या आधारे झाल्या होत्या आणि सुमारे तीस टक्के प्रकरणांत खबऱ्याने कटातच पुढाकार घेतला होता. मनोविकार, बौद्धिक अक्षमता किंवा पराकोटीचे दारिद्र्य असलेल्या माणसांना हेरले गेल्याची उदाहरणेही त्यात आहेत.

न्यूबर्गचे प्रकरण यात सर्वांत बोलके आहे. न्यूयॉर्क राज्यातील या गरीब शहरात खबऱ्याने चौघांना गोळा केले आणि म्होरक्या ठरवलेल्या जेम्स क्रोमिटीला २,५०,००० डॉलरचे आमिष दाखवले. क्रोमिटी मध्यंतरी टाळाटाळ करत दूर गेला, नोकरी सुटल्यावर परत आला. चौघांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया होता. मे २००९ मध्ये निकामी बॉम्बसह सारे पकडले गेले आणि प्रत्येकी २५ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीश कोलीन मॅकमॅहन यांनीच २०२३ मध्ये तिघांच्या सुटकेचा आदेश देताना कटाचे खरे कर्तेपण तपास यंत्रणेकडे असल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले. क्रोमिटीची पाळी त्यानंतर आली. म्हणजे हे म्हणणे न्यायालयाच्या आदेशात उतरेपर्यंत त्या माणसांची चौदा वर्षे तुरुंगात गेली होती.

फ्लोरिडातील टॅम्पा येथे २०१२ मध्ये पकडलेल्या तरुणाला मनोविकार असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले होते. त्याच्याजवळ शस्त्रांसाठी पैसा नव्हता. तो त्याच्या हाती पडावा म्हणून तपास यंत्रणेनेच वाट काढली, आणि त्याच्या बुद्धीविषयी अधिकारी आपसात हिणकस बोलत असल्याचे ध्वनिमुद्रणात आले. त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली आणि अपिलातही ती टिकली. अमेरिकी कायद्यात फूस हा बचाव आहे, परंतु आरोपीचा मूळचा कल गुन्ह्याकडे होता असे सरकार पक्षाने दाखवले की तो कोसळतो. भ्रमात असलेला, आवाज ऐकू येणारा, कोणीतरी आपल्याला मोठे मानते म्हणून सुखावलेला माणूस महिनोन्‌महिने मुद्रित होणाऱ्या संभाषणात भयंकर काहीतरी बोलतोच. त्याचा आजारच त्याच्या ‘कला’चा पुरावा ठरतो. या कसोटीतला हा अन्याय माझ्या मते सर्वांत गंभीर आहे.

कॅनडाने निराळा मार्ग धरला. तेथे माणसाच्या मनापेक्षा पोलिसांचे वर्तन तपासले जाते. व्हिक्टोरिया शहरातील विधानभवनाबाहेर १ जुलै २०१३ रोजी प्रेशर कुकरचे निकामी बॉम्ब ठेवणारे जॉन नटॉल आणि अमांडा कोरोडी हे जोडपे सरकारी भत्त्यावर जगणारे आणि व्यसनातून सावरू पाहणारे होते. छुप्या पोलिसाला ते आपला धर्मगुरूसारखा मार्गदर्शक मानू लागले, आणि काम केले नाही तर संघटना आपल्याला ठार मारील अशी भीतीही त्यांना होती. ज्युरीने दोषी ठरवूनही न्यायमूर्ती कॅथरीन ब्रूस यांनी २०१६ मध्ये खटला थांबवला आणि डिसेंबर २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

पोलिसांची बाजू हलकी नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. स्फोट होईपर्यंत थांबा, असे कोणत्याही तपास अधिकाऱ्याला सांगता येणार नाही. ज्याच्याजवळ आधीच योजना आणि साधने आहेत त्याच्यापर्यंत वेषांतराने पोहोचणे रास्तच आहे. आक्षेप आहे तो ज्याच्याजवळ यांतले काहीही नव्हते त्याला ते सारे पुरवण्याला.

भारतीय कायद्यात मनोविकाराची दखल तीन टप्प्यांवर घेतली जाते. पहिला टप्पा कृत्याच्या वेळचा. भारतीय दंडविधानाच्या कलम ८४ चा, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या कलम २२ चा लाभ मिळण्यासाठी, आपण काय करतो आहोत किंवा ते गैर वा बेकायदा आहे हे कळण्यास आरोपी असमर्थ होता, असे दाखवावे लागते. त्याचे मूळ इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांत आहे. नुसते निदान, औषधे वा रुग्णालयातील मुक्काम पुरत नाही. डाह्याभाई ठक्कर खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने आरोपीवरील सिद्धतेचा भार दिवाणी दाव्याइतका हलका मानला, तरी कसोटी जाणिवेचीच राहिली. सापळ्यात सापडलेल्या रुग्णाला बॉम्ब म्हणजे काय हे बहुधा कळत असते. त्याला कळत नाही ते ‘भाऊ’ बनून समोर आलेल्या खबऱ्याचा हेतू, आणि त्याला जमत नाही ते त्या भावाला नकार देणे. या दुबळेपणाला कलमात जागा नाही. इंग्लंडमध्ये खुनाच्या आरोपापुरती १९५७ पासून असलेली ‘कमी जबाबदारी’ची पायरीही आपल्याकडे नाही.

दुसरा टप्पा खटल्याच्या वेळचा : आरोपी आपला बचाव करू शकत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ व पुढील तरतुदींनुसार तपासणी होते आणि खटला थांबतो. तिसरा टप्पा शिक्षेचा, आणि येथे न्यायालये आश्चर्य वाटावे इतकी मोकळी झाली आहेत. दिल्लीतील १९९३ च्या बॉम्बस्फोटात फाशीची शिक्षा सुनावलेल्या देविंदरपाल सिंग भुल्लर यांची शिक्षा ३१ मार्च २०१४ रोजी विलंब आणि मनोविकार या कारणांनी जन्मठेपेत बदलली. महाराष्ट्रातील एका खटल्यात एप्रिल २०१९ मध्ये, आरोपीचे नाव निकालात गुप्त ठेवून, दोषसिद्धीनंतर जडलेला तीव्र मनोविकार हाही फाशी टाळण्यास आधार मानला गेला. फासाजवळ पोहोचलेल्याचा आजार ऐकून घेतला जातो. सापळा लावण्यापूर्वी, आरोपपत्रापूर्वी, जामिनाच्या वेळी मात्र तो विचारात घेण्याची सक्ती कोठेही नाही.

पेण किंवा रोह्यातील तरुण अशा प्रकरणात अडकला तर वाट साधारण अशी असते. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) अधिनियम, १९६७ लागला की खटला स्थानिक न्यायालयात राहत नाही, विशेष न्यायालयाकडे जातो. पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत आणि आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर कलम ४३ड(५) जामिनाची दारे बंद करते. त्या टप्प्यावर फुशीचा मुद्दा तपासायला न्यायालयाला फारसा वाव उरत नाही. खटला भरण्यापूर्वी स्वतंत्र अधिकाऱ्याने पुराव्याची छाननी करून शिफारस करायची असते, पण त्याच्यासमोर येतात ती तपास यंत्रणेचीच कागदपत्रे. खबऱ्याला किती पैसे दिले, पहिला निरोप कोणी पाठवला, आरोपीने किती वेळा माघार घेतली, हे त्यात असेलच असे नाही. तळोजा मध्यवर्ती कारागृह रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात आहे. घरच्यांना भेटीसाठी तिथवर जावे लागते आणि तारखांना मुंबई गाठावी लागते.

उपचारांची स्थिती या साऱ्याच्या मुळाशी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मनोविकार होता आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. पेण-रोहेकरांना अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापलीकडे जायचे तर ठाणे गाठावे लागते. अनेक घरांत आजार लपवला जातो, अंगात आले म्हणून देवऋषी गाठला जातो, आणि मग न्यायालयात दाखवायला कागद उरत नाही. मनोविकार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. त्यांना धोका असतो तो इतरांकडून वापरले जाण्याचा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मनोविकारग्रस्त कैद्यांविषयी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दर तिमाहीला अहवाल द्यावा, अशी तरतूद केली. बौद्धिक अक्षमता मात्र या कायद्याच्या व्याख्येतून वगळली आहे, आणि सापळ्यात सहज सापडणाऱ्यांमध्ये तिचाही वाटा आहे.

बचाव पक्षाच्या दृष्टीने जुना केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळेचे दाखले आणि अटकेपूर्वीचे उपचार यांना फार मोल असते, कारण अटकेनंतरचे निदान सोंग म्हणून झटकले जाते. कोठडीच्या पहिल्याच हजेरीत नातेवाइकांनी आजाराचा उल्लेख वकिलामार्फत नोंदवून घ्यावा, वैद्यकीय तपासणीचा अर्ज द्यावा आणि संपूर्ण ध्वनिमुद्रण व संदेश, केवळ निवडक उतारे नव्हेत, मागावेत. आरोपीने दिलेले नकार त्या न निवडलेल्या भागातच सापडतात.