मालमोटारीचा डावा डोळा

इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. ज्या रस्त्याने आपण रोज जातो त्या रस्त्याला आणि त्यावरून धावणाऱ्या वाहनांनाही इतिहास असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मालमोटार चालविणाऱ्या माणसाला आपल्या गाडीभोवतीचा कोणता भाग दिसत नाही, आणि तो का दिसत नाही, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. पण त्यात पुष्कळांचे प्राण गुंतले आहेत. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. ती सगळी मालमोटारीखाली गेली असे नव्हे. परंतु दुचाकी आणि मालमोटार यांची गाठ पडते तेव्हा कोणाचे काय होते, हे येथे बसलेल्या कोणासही सांगण्याची गरज नाही.

आपल्या मुंबई-पुणे रस्त्यापासूनच आरंभ करू. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, आणि १८६३ साली आगगाडी घाट चढून येईपर्यंत कोकण आणि देश यांमधील माल मुख्यतः बैलांच्या जिवावर या रस्त्याने चाले. गाडीवान बैलांच्या मागे उघड्यावर बसे. त्याच्या दोहो बाजूंस भिंत नव्हती की काच नव्हती. मान वळविली की चाक दिसे. गाडीची चाल माणसाच्या चालीएवढी. रात्री गाडीखाली कंदील टांगलेला असे, तो मागून येणाऱ्याला कळावे म्हणून. वाहन आणि वाटसरू एकमेकांना पाहू शकत होते, आणि न पाहिले तरी हाकेच्या अंतरावर होते.

मोटार आली आणि हे नाते पालटले. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या फोर्ड, शेवरोले, डॉज अशा गाड्या मालवाहतुकीच्या धंद्यात शिरल्या. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीतील डाइमलर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज मालमोटारी बाहेर पडू लागल्या. लांब बॉनेटचा हा ट्रक आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या बॉनेटच्या नाकापुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नसे. पुढे बॉनेट आखडले, चालक पुढे आणि वर सरकला; समोरचा आंधळेपणा थोडा कमी झाला, पण बैठक उंच गेल्यामुळे डाव्या दाराच्या खालचा भाग अधिकच झाकला गेला.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. कारखाना बहुधा नुसती चासी विकी. तिच्यावरचा हौदा आणि कित्येकदा चालकाची केबिनदेखील गावोगावचे सुतार-लोहार बांधीत. त्यांच्या हातच्या कसबाविषयी मला आदर आहे. पण खिडकी केवढी असावी, खांब किती जाड असावा, हे ठरविताना माल किती मावेल आणि पैसे किती लागतील याचा हिशेब होई. केबिनमधून काय दिसेल याचा हिशेब मागण्यास कोणी नव्हते. तात्पर्य, मालमोटारीच्या आंधळ्या जागा निसर्गाने निर्माण केलेल्या नाहीत. त्या माणसांनी, आपापल्या सोयीने, बांधलेल्या आहेत.

मग इतकी वर्षे ही गाडी चालली कशी? ती दोन माणसांनी चालविली म्हणून. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावी बाजू त्याच्यापासून सर्वांत दूर. त्या डाव्या दाराशी एक पोरगेलासा माणूस बसे. कागदोपत्री त्याला क्लीनर म्हणत, अड्ड्यावर किन्नर म्हणत. टायर ठोकून पाहणे, पाणी भरणे, काच पुसणे ही त्याची कामे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याचे खरे काम पाहण्याचे होते. अरुंद गल्लीत तो दाराबाहेर अर्धा लोंबकळून डावी बाजू सांभाळी. गाडी मागे घेताना खाली उतरून ‘आन दे, आन दे’ असा पुकारा करी आणि धोका दिसताच पत्र्यावर थाप मारी. त्या थापेवर चालकाचा पाय ब्रेकवर जाई. मालमोटारीचा डावा डोळा म्हणजे हा किन्नर. त्याच्या पगाराच्या पावत्या धुंडाळाव्यात तर त्या सहसा सापडत नाहीत, कारण पुष्कळांना नुसत्या जेवणावर आणि खेपेच्या भत्त्यावर राबविले गेले.

आता एसटीकडे पाहा. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिच्यावर वाहक होता आणि त्याच्या हाती घंटीची दोरी होती. एक घंटी थांबा, दोन घंटी चला. वाहक तिकिटे फाडण्यासाठी असतो खरा, पण गाडी मागे घेताना, दार सुटताना, तोच चालकाचा डोळा होतो, आणि त्याला नेमणूक, पगार व संघटना आहे. मालवाहतूक मात्र एक-दोन गाड्यांच्या लहान मालकांच्या हाती राहिली. तेथे दुसरा डोळा ठेवावा की न ठेवावा, हे मालकाच्या खिशावर अवलंबून होते.

कायद्याने काय केले? १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, ५ तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्याला १० तासांपर्यंत मुभा. कायदा चांगला होता. पण तो मुळात ज्या धंद्यात पाच किंवा अधिक कामगार असतील त्यालाच लागू होई. एक ट्रक, एक चालक, एक किन्नर असा धंदा त्याच्या जाळ्यातून अलगद निसटे. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत मिळून गेला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. दुसरीकडे, राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर दोन चालक असावेत अशी जी अट होती, ती २०१८ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. किन्नर तर त्याआधीच, खर्च वाचविण्याच्या नावाखाली, एकेका गाडीवरून उतरू लागला होता. डावी बैठक रिकामी झाली.

दरम्यान गाडी मात्र लांबत गेली. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि ४० फुटी पेटारे वाहणारे ट्रेलर पनवेल-उरणच्या रस्त्यांवर नित्याचे झाले. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या अंगाने कापीत जातात. म्हणून डावीकडे वळावयाचे असले की कसबी चालक आधी गाडी किंचित उजवीकडे घेतो. नेमक्या त्या क्षणी डावीकडे मोकळी जागा निर्माण होते. ती पाहून दुचाकीवाल्याला वाटते, वाट मिळाली. तो आत शिरतो. वरच्या माणसाला तो दिसत नाही आणि डाव्या बैठकीवर सांगणारा कोणी नसतो. आपल्या चौकांतील कितीतरी मृत्यूंची गोष्ट एवढीच आहे.

आपल्या मालमोटारीच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ असे रंगविलेले असते, त्याची आपण थट्टा करतो. नीट वाचले तर तो कबुलीजबाब आहे: मागचे मला दिसत नाही, तू आवाज दे. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली गोंगाटाच्या कारणास्तव हे शब्द लिहिण्यास मनाई केली. गोंगाट कमी व्हावा हे मलाही मान्य आहे. पण शब्द पुसल्याने मागचे दिसू लागत नाही.

परदेशांत या प्रश्नाकडे कसे पाहिले गेले? अमेरिकेत १९९४ पासून सरकारने ‘नो-झोन’ नावाची मोहीम चालविली. तेथे शिकविला जाणारा ढोबळ हिशेब असा की, मोठ्या ट्रकच्या समोर सुमारे २० फूट, मागे सुमारे ३० फूट, चालकाच्या बाजूस रस्त्याची एक पट्टी आणि दुसऱ्या बाजूस दोन पट्ट्या एवढ्या जागेत वाहन दिसेनासे होऊ शकते. तेथे चालक डावीकडे बसतो, म्हणून उजवी बाजू घातक. आपल्याकडे हे चित्र उलटे करून वाचावे लागते. लंडन शहराने पुढचे पाऊल टाकले. केबिनच्या काचांतून चालकाला प्रत्यक्ष किती दिसते हे मोजून तेथे मालमोटारीला शून्य ते पाच तारे देतात. १२ टनांहून जड गाडीला त्यासाठी परवाना लागतो. २०२१ च्या मार्चपासून त्याची अंमलबजावणी आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून किमान तीन तारे किंवा ठरवून दिलेली जादा सुरक्षा-साधने आवश्यक झाली आहेत. यात मुख्य गोष्ट ही की, दोष चालकाच्या नजरेवर न टाकता गाडीच्या बांधणीकडे आणि मालकाकडे जाब मागितला जातो.

आपल्याकडे जाब कोणाला विचारतात? अपघात झाला की जमाव केबिनचे दार उघडतो आणि चालकाला खाली ओढतो. तो पळाला तर गुन्हेगार, न पळाला तर मार खाणार. २०२४ च्या जानेवारीत देशभरचे ट्रकचालक संपावर गेले, ते नव्या न्यायसंहितेतील एका पोटकलमामुळे. अपघातानंतर खबर न देता निघून जाणाऱ्यास त्यात १० वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम वगळावे लागले. जखमीला टाकून पळण्याचे समर्थन मी करीत नाही. पण ज्याने किन्नर कमी केला, ज्याने आरसा फुटलेला असताना गाडी बाहेर काढली, ज्याने उद्या सकाळी माल पोचलाच पाहिजे असे बजावले, त्यांची नावे फिर्यादीत क्वचितच येतात.

ही व्यवस्था बदलेपर्यंत आपण रस्त्यावर जाणारच. म्हणून चार गोष्टी सांगतो. त्या या इतिहासातूनच निघतात. पहिली: ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही असे समजा. दुसरी: वळणावर आणि सिग्नलवर मालमोटारीच्या डाव्या कुशीत कधीही उभे राहू नका, जागा कितीही मोकळी दिसो, ती मागच्या चाकांसाठी आहे. तिसरी: ओलांडून पुढे गेल्यावर लगेच तिच्यापुढे घुसू नका, तिचे दोन्ही दिवे आपल्या आरशात दिसू लागेपर्यंत थांबा. पायी जाणाऱ्याने उभ्या ट्रकच्या नाकासमोरून जाऊ नये, आणि मुलांना तर मुळीच नेऊ नये. चौथी: मागे घेणाऱ्या गाडीच्या पाठीमागून वाट काढू नका, दहा-वीस सेकंद थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आणि नागरिक म्हणून एक मागणी आपण सर्वांनी करावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकालाही घाम येतो, हे कायद्याने मान्य करण्यास इतकी वर्षे लागली. त्याला डावीकडचे दिसत नाही, हे आता मान्य करावयाचे आहे. त्यासाठी चांगले आरसे आणि कॅमेरे हवेत, झोपेचे तास हवेत, आणि शहरात व बंदरात शिरणाऱ्या अवजड गाडीवर पगारी दुसरा माणूस हवा. त्याचा पगार मालाच्या भाड्यात पडेल आणि भाडे आपल्या पिशवीतल्या साखरेत पडेल, हे मला ठाऊक आहे. तो पैसा आपण आजही देतच आहोत. फक्त तो सगळ्यांकडून थोडाथोडा न घेता, चौकात एखाद्या घराकडून एकदम वसूल होतो.