दुभाष्याची मुदत

प्रोसेसर बदलला की संगणकावरचं जुनं सॉफ्टवेअर मुकं होतं. आज्ञांची भाषाच बदललेली असते. ॲपलने मॅकिंटॉशचा प्रोसेसर तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा मध्ये एक दुभाष्या उभा केला. या इतिहासात चिपपेक्षा मला तोच मोठा वाटतो.

पहिला १९९४च्या मार्चमधला. मोटोरोलाच्या ६८००० घराण्याकडून पॉवरपीसीकडे जाताना गॅरी डेव्हिडियन यांनी लिहिलेला एम्युलेटर यंत्राच्या रॉममध्येच बसवला होता. खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचा बराचसा भाग तेव्हा जुन्याच भाषेत होता. नवं यंत्र स्वतःचं बोलणंही दुभाष्याकरवी ऐकत होतं!

दुसरी वेळ सर्वांत कठीण गेली. ६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी इंटेलकडे जायचं जाहीर केलं, आणि मॅक ओएस टेन पाच वर्षं गुपचूप इंटेलसाठीही तयार होत असल्याचं सांगितलं. घरची तयारी इतकी पक्की होती की यंत्रं कबूल केलेल्या मुदतीआधीच, जानेवारी २००६ मध्ये आली. बाहेरच्यांचं मात्र तसं नव्हतं. ॲडोबी आणि मायक्रोसॉफ्टचा कोड कोडवॉरियर या प्रोग्रॅम लिहायच्या साधनात वाढलेला. तो आधी ॲपलच्या एक्सकोड या साधनात न्यायचा होता. त्यातून पॉवरपीसी संख्येचा मोठा बाइट आधी ठेवी, इंटेल लहान. लाखो ओळींत हा क्रम कुठे गृहीत धरलाय, ते शोधत बसायचं. इंटेलवर थेट चालणारं फोटोशॉप सीएस३ एप्रिल २००७ मध्ये आलं. मधले पंधरा महिने रोझेटा नावाच्या दुभाष्याने निभावले. पण त्याच्यातून फोटोशॉप रखडत चाले, आणि ज्यांचं पोट त्यावर होतं अशा अनेकांनी जुनी यंत्रं सोडली नाहीत.

तो धडा तिसऱ्या वेळी, २०२० मध्ये ॲपल इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे गेलं तेव्हा दिसतो. ३२-बिट प्रोग्रॅम आदल्याच वर्षी बंद करून जमीन साफ केली होती. रोझेटा २ प्रोग्रॅम बसवतानाच बरंचसं भाषांतर उरकून ठेवी. शिवाय मेमरीतल्या नोंदींचा इंटेलचा कडक क्रम पाळायची सोय थेट एम१ चिपमध्येच कोरलेली होती. नव्या चिपचं फोटोशॉप या वेळी चार महिन्यांत, मार्च २०२१ मध्ये आलं.

पहिला रोझेटा २०११ मध्ये मॅक ओएस टेनच्या लायन या आवृत्तीबरोबर गेला. दुसऱ्याची मुदतही २०२५ मध्ये जाहीर झाली: मॅकओएस २७पर्यंत. पुढे त्याचा थोडासा भाग काही जुन्या गेमसाठी ठेवणार आहेत.