मनोविकारग्रस्तांच्या जोडीदारांसाठी स्वमदत गट

मनोविकारग्रस्तांच्या जोडीदारांसाठी स्वमदत गट म्हणजे स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, तीव्र नैराश्य यांसारखे दीर्घकालीन मनोविकार असलेल्या व्यक्तींच्या पती-पत्नींनी ठरावीक काळाने एकत्र येऊन अनुभवांची व माहितीची देवाणघेवाण करण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रात असे गट बहुधा केवळ जोडीदारांचे नसतात. आई-वडील, भावंडे व प्रौढ मुलेही त्यांत सहभागी असतात. अशा गटांत आजारी व्यक्तीसाठी 'शुभार्थी' आणि तिची काळजी घेणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द वापरले जातात. ग्रामीण भागात परिचित असलेल्या महिला बचत गटांपेक्षा हे गट वेगळे असून त्यांत आर्थिक व्यवहार होत नाहीत.

जोडीदाराचे स्थान

स्किझोफ्रेनियाची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तरुणपणी, म्हणजे विवाहाच्या वयाच्या आसपास होते. त्यामुळे काही विवाहांत आजार नंतर उद्भवतो, तर काहींत तो लपवून किंवा 'लग्न झाले की सुधारेल' या समजुतीने विवाह लावला जातो. जोडीदारावर शुश्रूषा, मुलांचे संगोपन आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई अशा तिन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी येतात. पती आजारी असल्यास त्याचा दोष पत्नीला दिला जाणे आणि पत्नी आजारी असल्यास तिला माहेरी पाठवले जाणे, हे प्रकारही घडतात.

हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार मनोविकार हे विशिष्ट परिस्थितीत घटस्फोटाचे कारण ठरू शकते. मात्र केवळ स्किझोफ्रेनियाचे निदान पुरेसे नसून विकाराची तीव्रता सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात १९८८ साली स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील वाटचाल

कुटुंबीयांच्या संघटनांना अमेरिकेत १९७९ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल अलायन्स ऑन मेंटल इलनेस' या संस्थेमुळे व्यापक रूप आले. महाराष्ट्रातील या कार्याशी एका जोडीदाराचा अनुभव थेट जोडलेला आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात अध्यापन करणारे, मूळचे धुळे जिल्ह्यातील डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'देवराई' (२००४) या मराठी चित्रपटाच्या निर्मितीतही वाणी यांचा वाटा होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्थाही या क्षेत्रात कार्यरत आहे.

कार्यपद्धती

बैठकीत सांगितलेली गोष्ट बाहेर न नेणे हा अशा गटांचा पाया मानला जातो. औषधे अचानक बंद करण्याचे धोके, आजार उलटण्याची पूर्वलक्षणे, रुग्ण उपचारास नकार देत असल्यास करावयाची बोलणी, मुलांना आजार समजावून सांगणे आणि नातेवाइकांच्या प्रश्नांना तोंड देणे हे चर्चेचे नेहमीचे विषय होत. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राऊन, ज्युलियन लेफ व क्रिस्टीन वॉन यांनी केलेल्या अभ्यासांत, सतत टीका, वैरभाव किंवा भावनिक अतिगुंतवणूक असलेल्या घरांत स्किझोफ्रेनिया उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. जोडीदाराचा ताण कमी होणे हे त्यामुळे रुग्णाच्याही हिताचे ठरते. गट हा उपचारांना पूरक असतो, पर्याय नसतो. घरात हिंसाचार किंवा आत्महत्येचा धोका असल्यास बैठकीची वाट न पाहता वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.

बुलढाणा जिल्हा

राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. विदर्भातील रुग्णालय नागपूरला असल्याने तेरा तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबांना ते दूर पडते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा त्यांच्यासाठी जवळचा मार्ग होय. देशात १९९६ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाच्या स्तरावर उपचार व समुपदेशन मिळते. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्य शासनाने हाती घेतलेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'तही बुलढाण्याचा समावेश आहे.

जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबा दर्ग्यावर मनोविकारग्रस्तांना घेऊन दूरदूरची कुटुंबे येतात. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या ठिकाणी 'दवा आणि दुआ' या उपक्रमातून श्रद्धेला बाधा न आणता वैद्यकीय उपचार उपलब्ध करण्यात आले. चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार व आरती पालवे हे दांपत्य 'सेवासंकल्प प्रतिष्ठान'द्वारे बेघर मनोरुग्णांचा सांभाळ करते. तो निवारा प्रकल्प असून कुटुंबीयांचा स्वमदत गट नव्हे.

गट नसलेल्या गावातून शोध घेताना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे समाजसेवा कर्मचारी किंवा आशा कार्यकर्त्या यांच्याकडे चौकशी करता येते. केंद्र शासनाची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेलिमानस' (१४४१६) ही विनामूल्य दूरध्वनी सेवा काळजीवाहकांसाठीही खुली आहे. एकाच बाह्यरुग्ण विभागात नियमित येणाऱ्या दोन-तीन कुटुंबांनी एकमेकांच्या संमतीने भेटू लागणे, ही नव्या गटाची सुरुवात ठरू शकते.

कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर स्वाक्षरी किंवा अंगठा उमटवून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. अशी नेमणूक नसल्यास नातेवाइकाला प्राधान्य मिळते. परंतु या तरतुदीत इतर नातेवाइकांच्या तुलनेत पती किंवा पत्नीला वेगळा अग्रक्रम दिलेला नाही. सासर व माहेर यांच्यात मतभेद असल्यास प्रकृती स्थिर असतानाच केलेली लेखी नेमणूक त्यामुळे महत्त्वाची ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मनोविकाराचा दिव्यांगत्वाच्या प्रकारांत समावेश आहे.

हे सुद्धा पहा

स्किझोफ्रेनिया
मानसिक आरोग्य
बुलढाणा जिल्हा
देवराई (चित्रपट)