खडखड्यातून मसाई माराकडे

जुलै ते सप्टेंबर या काळात वाढदिवस येणाऱ्या आणि तो जंगलात घालवू पाहणाऱ्या मुंबईकरांची दरवर्षी पंचाईत होते. पावसामुळे ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा तीन महिने पर्यटकांना बंद असतो. केनियातला मसाई मारा मात्र तेव्हाच ऐन भरात असतो. सेरेंगेटीतून निघालेले लाखो विल्डबीस्ट आणि झेब्रे गवताच्या शोधात मारा नदी ओलांडून उत्तरेला आलेले असतात. मग आईची एकसष्टी किंवा वडिलांची पंचाहत्तरी हॉलमध्ये न करता माराला करायची, असा बेत मुंबईच्या नाहूर-मुलुंड उपनगरांतल्या सोसायट्यांमध्येही आखला जातो.

तिकडच्या लॉजमध्ये वाढदिवसाची रीत ठरलेली आहे. जेवण आटोपत आलं की स्वयंपाकघरातून आचारी, वाढपी सगळे केक घेऊन गात-नाचत बाहेर येतात. ‘जांबो बवाना’ हे मोंबासाच्या देम मश्रूम्स बँडने गाजवलेलं गाणं त्यात असतंच. इकडून नेलेलं निरांजन आणि सुपारी बॅगेत असेल, तर केकच्या आधी औक्षणही होतं.

आफ्रिकेतल्या जनावरांशी मराठी मुलखाचा संबंध मात्र या सहलींपेक्षा बराच जुना आहे. फरक एवढाच की तेव्हा जनावरं इकडे आणली जात.

कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटाची शिकार करवण्याचा मोठा नाद होता. भावनगरलाही तो तितकाच होता. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि भावनगरचे भावसिंहजी हे राजकोटच्या राजकुमार कॉलेजातले सोबती. चित्त्याला माणसाळवायचं, त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची, गाडीतून त्याला माळावर न्यायचं आणि कळप टप्प्यात आला की टोपी काढून सोडायचं, हे काम चित्तेवानांचं. पायी माणूस दिसला की काळवीट बुजतं, गाडीला तितकं बुजत नाही, म्हणून शिकारीला गाडी लागे. शाहू महाराजांची अशी घोडागाडी, म्हणजे खडखडा, तर कोल्हापुरात आजही लोकांच्या तोंडी आहे. चित्ता काही क्षणांत काळवीट लोळवी. मग चित्तेवान पुढे होऊन त्याला त्याचा वाटा देई आणि पुन्हा टोपी चढवी. या कामाला लागणारा धीर आणि जनावराची समज फार मोठी होती. ती पिढीजात विद्या चित्त्यांबरोबरच संपली, याची हळहळ वाटते.

चित्ते संपण्याचं एक कारण याच नादात होतं. पिंजऱ्यातल्या चित्त्यांची वीण होत नसे. मोगल काळापासून पाळीव चित्त्यांना पिल्लं झाल्याची एकच जुनी नोंद सांगितली जाते, ती जहांगीराच्या वेळची. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. शिवाय माळरानं शेतीखाली गेली आणि बंदुकाही वाढल्या. इथे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून बोटीने मागवायला सुरुवात केली. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे दोनशे चित्ते भारतात आले आणि त्यांतले बरेच कोल्हापूर-भावनगरच्या वाट्याला गेले. १९४७च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात शेवटचे तीन रानटी चित्ते मारले गेले. १९५२मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

त्या काळी आफ्रिकेत सफारी म्हणजेही बंदूकच. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९च्या एप्रिलमध्ये मोंबासाला उतरले. त्या वर्षीचा २७ ऑक्टोबर, म्हणजे त्यांचा एक्कावन्नावा वाढदिवस, त्यांनी आफ्रिकेतच काढला. परतल्यावर त्यांनी आपली आणि मुलाची मिळून शिकारीची यादी पुस्तकात छापली. तिची बेरीज ५१२ होती. ज्या रेल्वेच्या इंजिनाच्या पुढ्यात बसून ते रान बघत गेले, ती युगांडा रेल्वे हिंदुस्थानी मजुरांनी बांधलेली. सुमारे ३२ हजार मजूर तिथे गेले आणि अडीच हजारांच्या आसपास दगावले. १८९८मध्ये त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी मजुरांना उचलून नेलं, तो प्रसंग याच कामावरचा. रेल्वेवरचे बहुतेक मजूर पंजाबचे होते. आजच्या पर्यटकाने नैरोबी-मोंबासा मार्गावर जाताना त्या मजुरांची आठवण ठेवायला हवी.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे जायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६मध्ये झालं, त्सावो १९४८मध्ये. जानेवारी १९५०मध्ये एअर इंडियाने मुंबई-नैरोबी विमान सुरू केलं आणि बोटीचा लांबलचक प्रवास तासांवर आला. शेवटी १९७७मध्ये केनियाने शिकारीवर सरसकट बंदी घातली. महाराष्ट्रातही वळण तेच होतं. कोल्हापूरकरांचं शिकारीचं राखीव रान असलेलं दाजीपूर १९५८मध्ये अभयारण्य झालं. सर्वसामान्य मराठी कुटुंबाच्या आवाक्यात परदेश आणला तो १९८४मध्ये सुरू झालेल्या केसरीसारख्या मुंबईच्या पर्यटन कंपन्यांनी. पूर्वी एका राजाच्या हौसेसाठी आफ्रिकेतला चित्ता बोटीने इकडे येई. आता निवृत्त शिक्षिका स्वतः जाऊन तो मोकळ्या रानात पाहते. हा बदल मोठा आणि चांगला आहे.

चित्त्यांची आफ्रिकेतून इकडे येण्याची वाट मात्र पुन्हा सुरू झाली आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी स्वतःच्या वाढदिवशी नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. या खेपेला ते काळविटामागे सोडण्यासाठी आणलेले नव्हते, रानात वसवण्यासाठी आणलेले होते.

महाराष्ट्राने तर दोन वाढदिवस जोडून एक सप्ताहच केला आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२०पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

नाहूरकरांना तो साजरा करायला विमान लागत नाही. २००६मध्ये सुरू झालेल्या नाहूर या छोट्या रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, पण त्यांच्या मागे डोंगर अजून आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बिबट्याचं घर, तिथेच आहे. पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की भांडुप पंपिंग स्टेशनची पाणथळ जागा आणि ठाणे खाडी लागते. ही खाडी २०१५मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली आणि २०२२मध्ये रामसर यादीत गेली. एका बाजूला बिबट्या आणि दुसऱ्या बाजूला रोहित, असं भाग्य जगातल्या फार थोड्या उपनगरांना लाभलं आहे.

तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी वाढदिवसाला माराला जरूर जावं. गाडीच्या चालकाला वाट सोडून सिंहाजवळ न्यायचा आग्रह मात्र धरू नये. आणि ज्यांना इतका खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी बोरिवलीच्या याच संजय गांधी उद्यानात वन्यप्राणी दत्तक योजना आहे. ठरलेली रक्कम भरून तिथल्या एखाद्या प्राण्याचा वर्षभराचा खर्च उचलता येतो. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून भरली तरी चालण्याजोगी ही भेट आहे. पुढच्या वाढदिवसाआधी एकदा उद्यानाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी.