गिरणी, पठाण आणि अकस्मात आलेले मरण

१९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या दोन महिन्यांत मुंबईत इन्फ्लुएंझाने जी माणसे मेली, त्यांचे जमातवार आकडे उपलब्ध आहेत. युरोपियनांत दर हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९. आणि सरकारी कागद ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत, त्यांच्यात ६१.६. साथ अचानक आली खरी. पण तिने कोणाच्या खोलीत मुक्काम ठोकायचा, हे चाळींनी, पगारांनी आणि जातींनी आधीच ठरवून ठेवले होते.

मिळवता माणूस गेला की रडण्याआधी पैशाची जुळवाजुळव करावी लागे. कापड, लाकडे, वाण्याची थकलेली उधारी. घरातली तांब्या-पितळेची भांडी गहाण पडत. गाववाल्यांची वर्गणी आणि बायकांची भिशी हा आपल्या माणसांनी स्वतः उभा केलेला विमाच होता. पण एकाच गिरणीत, एकाच पगारावर जगणाऱ्यांचा. साथ किंवा टाळेबंदी आली की सगळेच एकदम बुडत. मग उरे पठाण. रुपयाला महिना एक आणा हा सर्रास चालणारा दर. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. १९२१-२२ साली मुंबईच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा शेकडा ४७ कुटुंबे कर्जात निघाली.

पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राहिलेला पठाण सगळ्यांच्या आठवणीत आहे. फाटकाच्या आतला हिशेब मात्र कोणी फारसा सांगत नाही. गिरणीत महिन्याचा पगार महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी मिळे. नवा माणूस कामाला लागला की दीड महिना हातात दमडी नसे. याचा सरळ अर्थ असा, की कामगार मालकाला बिनव्याजी कर्ज देत होता, आणि तेवढ्याच काळासाठी पठाणाकडून ७५ टक्क्यांनी कर्ज काढत होता. पठाणाला शिव्या घालणे सोपे होते, मालकाच्या वहीवर बोट ठेवणे अवघड!

अस्पृश्य कामगाराच्या गळ्याला आणखी एक फास होता. जास्त पगाराचे विणकाम खाते त्याला बंद होते. कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणजे ज्याच्या घरी मरण जास्त, त्याच्याच हाती पैसा कमी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. त्यांनी तो मागण्यांत घेतला, पण नाखुशीने. वर्गाच्या भाषेत धोट्याला शब्द नव्हता.

त्याच वर्षी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती भत्त्याच्या बिलाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपण हा एका बाईचा खाजगी खर्च मानला नाही. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका. १९२९ साली कायदा झाला. दर महिन्याचा पगार किती दिवसांत द्यायचा, हे १९३६ च्या कायद्याने बांधले. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये अदारकरांकडे कामगारांच्या आजार-विम्याची योजना सोपवली गेली. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर व दिल्लीत त्याचा अंमल सुरू झाला.

पण तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, वीस किंवा अधिक माणसांच्या बारमाही कारखान्यापासून सुरू झाला. आपली बहुसंख्य माणसे तेव्हा शेतात राबत होती, खडी फोडत होती, डोक्यावर मैला वाहत होती. त्यांच्या आजारपणात हंडा, कळशी आणि परात पूर्वीसारखीच सावकाराच्या दुकानात जात राहिली.