रहस्य, संहिता आणि चेहरा : दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकांतील बदल व मराठी प्रेक्षकांचा प्रतिसाद

सहायक प्राध्यापक, इतिहास विभाग
मार्केट यार्ड, पुणे

सारांश

दूरचित्रवाणी मालिकेतील कलाकार बदलला किंवा कथानकाने अनपेक्षित वळण घेतले की प्रेक्षक नाराज होतात, हा नित्याचा अनुभव आहे. तथापि प्रत्येक बदलावर सारखीच नाराजी व्यक्त होत नाही. काही बदल प्रेक्षक निमूटपणे स्वीकारतात, तर काही बदलांविरुद्ध इतका तीव्र निषेध होतो की निर्मात्यांना माघार घ्यावी लागते. प्रस्तुत शोधनिबंधात ‘असंभव’, ‘रात्रीस खेळ चाले’ आणि ‘सी.आय.डी.’ या तीन रहस्यमालिकांच्या आधारे या भेदाची ऐतिहासिक कारणमीमांसा केली आहे.

बीजसंज्ञा : रहस्यमालिका, प्रेक्षक-प्रतिसाद, संहिता, कलाकार-बदल, मराठी दूरचित्रवाणी.

१. प्रस्तावना

मराठी रंगभूमीचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. चित्रपटाचाही बऱ्याच अंशी लिहिला गेला आहे. मात्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यापासून जी कला मराठी घरात रोज संध्याकाळी हजेरी लावते, तिच्या प्रेक्षकाचा इतिहास अद्याप उपेक्षित आहे. मालिका हा विषय विद्वत्तेच्या कक्षेत बसत नाही, हा समज त्यामागे असावा. वास्तविक कोणत्या गोष्टीवर समाज एकत्रितपणे रागावतो, हे पाहिल्याशिवाय त्या समाजाचा सांस्कृतिक इतिहास पूर्ण होत नाही.

रहस्यमालिका या अभ्यासासाठी विशेष सोयीची आहे. कौटुंबिक मालिकेचा प्रेक्षक पात्रांच्या सुखदुःखात रमतो. रहस्यमालिकेचा प्रेक्षक त्याबरोबर हिशेबही ठेवतो. कोण कोठे होते, कोणी काय पाहिले, कोणता धागा अर्धवट राहिला, याची नोंद त्याच्या मनात असते. त्यामुळे लेखनातील बदल त्याला चटकन जाणवतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

रहस्यमालिकांतील कलाकार व लेखन-बदलांचे स्वरूप पाहणे, त्यांवरील प्रतिसादातील फरकाची कारणे शोधणे आणि या प्रतिसादाचे नाते मराठी वाचक-प्रेक्षकांच्या पूर्वपरंपरेशी जोडून पाहणे, ही प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे आहेत. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ‘सी.आय.डी.’ ही हिंदी मालिका असली तरी तिची मुळे आणि तिचा फार मोठा प्रेक्षकवर्ग महाराष्ट्रात असल्याने तिचा समावेश केला आहे.

३. पूर्वपरंपरा : वाचक आणि नाट्यरसिक

पात्राच्या नशिबावरून वाचकांनी लेखकाशी भांडण्याचे सर्वज्ञात उदाहरण इंग्लंडमधील आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा मृत्यू घडवून आणला. वाचकांच्या नाराजीनंतर १९०१ मध्ये त्यांनी होम्सच्या हयातीतील जुनी कथा म्हणून नवी कादंबरी क्रमशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि १९०३ मध्ये तर होम्सला जिवंतच परत आणले. त्या वेळी लंडनमधील वाचकांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, ही कथा पुढील काळात फार रंगवून सांगितली गेली. समकालीन पुरावा आणि मागाहून जमलेली आख्यायिका यांत भेद करावा लागतो, हा धडा प्रेक्षक-प्रतिसादाच्या अभ्यासकाने येथूनच घेतला पाहिजे.

मराठीत बाबुराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही त्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. येथे पात्राचा चेहरा वाचकाच्या कल्पनेत होता. तो बदलण्याचा प्रश्नच नव्हता. वाचकाचा विश्वास होता तो मुखपृष्ठावरील लेखकाच्या नावावर.

रंगभूमीची रीत याहून भिन्न होती. नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ हे दोन शब्द मराठी प्रेक्षकाने शतकभर सहजपणे वाचले आहेत. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी गणपतराव बेलवलकर उभे केले. पुढे दत्ता भट, यशवंत दत्त आदींनी तीच भूमिका केली. रसिकांनी तुलना केली, पक्ष घेतले, वादही घातले. परंतु भूमिका दुसऱ्याने केली म्हणून फसवणूक झाली, असे कोणी मानले नाही. याचे कारण उघड आहे. संहिता तीच होती. प्रेक्षकाला तिचा शेवट ठाऊक होता आणि नवा नट त्या ठरलेल्या मजकुराला कसा सामोरा जातो, हे पाहण्यातच त्याचा आनंद होता. प्रभाकर पणशीकर आणि ‘तो मी नव्हेच’ यांसारखे अद्वैत हा अपवाद होय, नियम नव्हे.

सारांश, छापील रहस्यकथेत लेखक स्थिर होता, रंगभूमीवर संहिता स्थिर होती. दररोज प्रसारित होणाऱ्या मालिकेत मात्र संहिता आज लिहिली जाते आणि काही दिवसांत पडद्यावर येते. लेखक बदलू शकतो, दिग्दर्शक बदलू शकतो, कथेचा शेवट ठरलेला नसतो. अशा वेळी प्रेक्षकापाशी स्थिर असे एकच राहते, ते म्हणजे पात्राचा चेहरा. मार्केट यार्डातील व्यवहाराचा दाखला येथे देता येईल. मालाची आवक व प्रत रोज बदलते. गिऱ्हाईक ज्याच्या भरवशावर गाळ्यावर येते तो आडत्या तोच असतो. माल आणि आडत्या दोन्ही एकाच दिवशी बदलले, तर गिऱ्हाईक दुसरा गाळा शोधते.

४. तेरा भागांपासून दैनंदिन मालिकेपर्यंत

दूरदर्शनच्या काळात मालिका बहुधा तेरा भागांच्या हप्त्याने मंजूर होत. आठवड्यातून एक भाग आणि मर्यादित कथानक, यामुळे मध्येच कलाकार बदलण्याचे प्रसंग कमी येत. याच काळात बी. पी. सिंग यांनी मुंबई पोलिसांच्या तपासावर आधारित ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली आणि तीत शिवाजी साटम यांनी काम केले. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन मुंबई दूरदर्शनमध्ये दाखल झालेले. पुढील ‘सी.आय.डी.’ची बीजे या मराठी प्रयोगात होती.

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली. तिचेच पुढे झी मराठी असे नामांतर झाले. खाजगी वाहिन्यांबरोबर दैनंदिन मालिका स्थिरावली. भागांची संख्या शेकड्यांत गेली. कलाकारांचे करार, अन्य कामे, आजारपण, मानधनाचे प्रश्न हे सर्व कथेच्या आड येऊ लागले. दुसरीकडे साप्ताहिक प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर कथानक वळविण्याची पद्धत रूढ झाली. हे आकडे किती लोकांनी पाहिले ते सांगतात. पाहताना ते समाधानी होते की संतापलेले, हे सांगत नाहीत. प्रेक्षकाचा राग म्हणूनच अन्य मार्गांनी, प्रथम पत्रांतून व नंतर समाजमाध्यमांतून, व्यक्त होऊ लागला.

५. तीन मालिका, तीन प्रतिसाद

५.१ असंभव (२००७–२००९). सतीश राजवाडे यांचे दिग्दर्शन आणि चिन्मय मांडलेकर यांचे लेखन लाभलेली ही मालिका पुनर्जन्माच्या सूत्रावर उभी होती. शुभ्रा ही मध्यवर्ती भूमिका प्रथम मानसी साळवी व नंतर ऊर्मिला कानिटकर यांनी केली. नायिकाच बदलणे हे कोणत्याही मालिकेवरील संकट होय. तरीही मालिका टिकली, २००९ मध्ये आपल्या शेवटास पोहोचली आणि मराठीतील उत्तम रहस्यमालिका म्हणून आजही आठवली जाते. दोन जन्मांची सांगड घालणारे कथासूत्र पक्के होते आणि प्रेक्षक त्या सूत्राला बांधला गेला होता. येथे दूरचित्रवाणीने जणू रंगभूमीची रीत पाळली. संहिता स्थिर राहिली, म्हणून ‘नवा संच’ स्वीकारला गेला.

५.२ रात्रीस खेळ चाले (२०१६, २०१९–२०२०, २०२१–२०२२). सावंतवाडीजवळील आकेरी येथे चित्रित झालेल्या या मालिकेचा प्रारंभ २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाला. अंधश्रद्धेला खतपाणी आणि कोकणी माणसाचे विपरीत चित्रण, असे दोन आक्षेप आरंभीच घेतले गेले. पुढे मात्र नाईकांच्या वाड्याने महाराष्ट्राला खिळवून ठेवले. सुमारे आठ महिने प्रेक्षकांनी मनातल्या मनात तपास केला. ऑक्टोबरमध्ये मालिका संपली तेव्हा अनेकांची निराशा झाली, कारण दाखविलेल्या सर्व प्रसंगांचा उलगडा शेवटात होत नव्हता. ही तक्रार कलाकारांविषयी नव्हती. हिशेब जुळला नाही, अशी ती तक्रार होती.

जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने ‘कोणी केले’ हा प्रश्न मागे टाकला आणि पूर्वकथा सांगितली. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत उत्कंठा टिकविण्याचा भार आता पात्रांवर आला. माधव अभ्यंकर यांचे अण्णा नाईक आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता यांनी तो समर्थपणे पेलला. म्हणजेच पहिल्या पर्वात कथेवर असलेला प्रेक्षकाचा विश्वास दुसऱ्या पर्वात चेहऱ्यांवर गेला. तिसऱ्या पर्वात ही पात्रे मृत्यूनंतरही वाड्यात वावरत राहिली, इतकी ती अपरिहार्य झाली होती. अशा वेळी २०२१ मध्ये अपूर्वा नेमळेकर यांनी मालिका सोडली, आपली कारणे जाहीरपणे मांडली आणि त्यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. तुलना व नाराजी अटळ होती. शुभ्राचा बदल पचविणाऱ्या प्रेक्षकवर्गाला शेवंताचा बदल का पचला नाही, याचे उत्तर दोन अभिनेत्रींच्या गुणवत्तेत शोधणे अन्यायाचे ठरेल. ते मालिकेने प्रेक्षकाला लावलेल्या सवयीत आहे.

५.३ सी.आय.डी. (१९९८–२०१८, पुनरागमन २०२४). २१ जानेवारी १९९८ ते २७ ऑक्टोबर २०१८ या काळात या मालिकेचे १५४७ भाग प्रसारित झाले. प्रारंभीच्या काळात आशुतोष गोवारीकर यांनी इन्स्पेक्टर वीरेंद्रची भूमिका केली होती. ते गेले, अनेक अधिकारी आले-गेले, पण मालिकेचे काही अडले नाही. बहुसंख्य भागांतील गुन्हा स्वतंत्र असल्याने संहितेचे सातत्य प्रेक्षकाने कधी मागितले नाही. तपासातील सैलपणावर तो प्रेमाने हसलाही. त्याने मागितले ते एवढेच की ए.सी.पी. प्रद्युम्न, अभिजीत आणि दया आपापल्या जागी असावेत. २०१८ मध्ये मालिका बंद होत असताना ती वाचविण्याची मागणी झाली, ती या चेहऱ्यांसाठी.

मालिका २१ डिसेंबर २०२४ रोजी परतली. त्यापूर्वी फ्रेडरिक्सची भूमिका करणारे आणि काही भागांचे लेखनही केलेले दिनेश फडणीस यांचे डिसेंबर २०२३ मध्ये निधन झाले होते. त्यांची उणीव प्रेक्षकांनी हळहळत स्वीकारली. परंतु एप्रिल २०२५ मध्ये कथानकात ए.सी.पी. प्रद्युम्नचा मृत्यू दाखविण्यात आला, वाहिनीने त्याला श्रद्धांजली वाहणारा मजकूर प्रसृत केला आणि पार्थ समथान हे नवे ए.सी.पी. आयुष्मान म्हणून आले, तेव्हा तीव्र संताप उसळला. अखेर काही आठवड्यांतच साटम यांचे पुनरागमन झाले. नियतीने केलेला बदल आणि लेखणीने केलेला बदल यांत प्रेक्षक किती स्पष्ट फरक करतो, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या असता दिसून येते.

६. विवेचन

वरील उदाहरणांवरून असे म्हणता येईल की प्रेक्षक बदलाला सरसकट विरोध करीत नाही. प्रत्येक मालिका आपल्या प्रेक्षकाला कशावर विसंबावे, हे हळूहळू शिकवते. ‘असंभव’ने कथासूत्रावर विसंबण्यास शिकविले, ‘सी.आय.डी.’ने चेहऱ्यांवर. ‘रात्रीस खेळ चाले’ने आधी कथेवर व मग चेहऱ्यांवर विसंबण्यास शिकविले आणि दोन्ही वेळा प्रेक्षकाची अडचण केली. निषेध होतो तो मालिका आपणच शिकविलेला धडा मोडते तेव्हा.

या निषेधाची एक बाजू मात्र चिंतनीय आहे. निर्णय घेणारे पडद्यामागे राहतात आणि रोष पडद्यावरच्या व्यक्तीवर कोसळतो. दुसऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या कलाकाराने ती जागा रिकामी केलेली नसते, तरी उत्तर त्यालाच द्यावे लागते. अर्नाळकरांच्या वाचकाला लेखकाचे नाव पाठ होते. मालिकेच्या प्रेक्षकाला ते क्वचितच ठाऊक असते, कारण श्रेयनामावलीतील ते नाव वाचण्याइतका वेळही पडद्यावर टिकत नाही. लेखक अदृश्य झाल्यामुळे लेखनावरील टीकादेखील चेहऱ्यावरील टीकेचे रूप घेते. मराठी रंगभूमीवर नाटककाराला जो मान मिळाला, तो मालिकालेखकाला मिळाला असता तर या वादांची पातळी निश्चितच उंचावली असती.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे याहून निकडीचा प्रश्न आहे तो साधनांचा. प्रेक्षकांची पत्रे रद्दीत जातात. समाजमाध्यमांवरील मजकूर एका क्षणात पुसला जातो. उरते ती वाहिन्यांची जाहिरात. केवळ तिच्या आधारे इतिहास लिहिला, तर प्रत्येक मालिका लोकप्रिय आणि प्रत्येक बदल यशस्वी ठरेल.

७. निष्कर्ष

१) रहस्यमालिकेतील बदलावरचा प्रतिसाद हा त्या मालिकेतील कोणता घटक प्रेक्षकाने स्थिर मानला आहे, यावर अवलंबून असतो.

२) कथासूत्र दृढ असेल तर मध्यवर्ती कलाकाराचा बदलही स्वीकारला जातो, ‘नव्या संचात’ या नाट्यपरंपरेशी त्याचे साधर्म्य आहे.

३) कथासूत्र सैल असेल तर चेहरा हाच करार बनतो आणि तो मोडल्यास निषेध होतो.

४) मृत्यूसारख्या अटळ कारणाने आलेला बदल प्रेक्षक सोसतो, लेखणीने लादलेला बदल तो नाकारतो.

महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व वृत्तविद्या विभागांनी आपापल्या परिसरातील प्रेक्षकांच्या मौखिक नोंदी आताच गोळा कराव्यात. दूरदर्शनच्या पहिल्या दशकात मालिका पाहिलेली पिढी आज वृद्धत्वाकडे झुकली आहे. तिच्या आठवणी हा या इतिहासाचा सर्वांत मौल्यवान दस्तऐवज असून तो जतन करण्यासाठी फार काळ हाती नाही.